सवलतीची जाहिरात देण्यापूर्वी करावयाचा हिशेब आणि पाळावयाचे नियम

नव्या व्यावसायिकाने सवलत जाहीर करण्यापूर्वी प्रत्येक नगामागे हाती किती रक्कम उरते, ते प्रथम काढावे. विक्रीची किंमत 100 असून कच्चा माल, वेष्टन आणि वाहतूक मिळून 60 खर्च होत असतील, तर 40 उरतात आणि भाडे, पगार व नफा या उरलेल्या रकमेतूनच निघतात. 20 टक्के सवलत दिली की ही रक्कम निम्मी होते, म्हणजेच पूर्वीइतकी मिळकत राखण्यासाठी विक्री दुप्पट व्हावी लागते. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय सवलतीचा आकडा ठरवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर मजकूर तपासावा. ग्राहक संरक्षणाचे कायदे देशोदेशी वेगळे असले, तरी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला बहुतेक ठिकाणी मनाई असते. म्हणून खोडून दाखवलेली मूळ किंमत पूर्वी खरोखर आकारलेली असावी, प्रत्येक दाव्याचा पुरावा जाहिरात प्रसिद्ध होण्याआधीच हाताशी असावा आणि अटी मुख्य मजकुराजवळ, सहज वाचता येतील अशा अक्षरांत द्याव्यात. शिफारस पैसे देऊन करवून घेतली असल्यास तसे स्पष्ट सांगावे. ग्राहकांना जाहिरातीचे संदेश पाठवायचे असतील, तर त्यांची संमती आधी घेऊन तिची नोंद तारखेसह जपून ठेवावी.