सशाची लघवी लाल दिसली तर

लाल-केशरी लघवी पाहून पोटात गोळा येतो, पण बरेचदा तो रंगद्रव्यांचा रंग असतो, रक्त नव्हे. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. नमुना असा घ्या:

१. ट्रेमधला भुसा काढून ट्रे धुवा, पूर्ण कोरडा करा.
२. कडेला थोडं गवत ठेवा. ससा सवयीने नेहमीच्याच कोपऱ्यात बसतो.
३. लघवी बिनसुईच्या सिरिंजने ओढून स्वच्छ डबीत भरा, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. तपासपट्टीवर रक्त लगेच कळतं.

थोडा पांढरट गढूळपणा चालतो, ते कॅल्शियम. लगद्यासारखी दाट लघवी मात्र नक्की दाखवा.

ससा कुंथतोय आणि थेंबही येत नाही? मग नमुन्याची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.