दोन खुर्च्या, सुतळी आणि एक झुलता पूल

वांद्रे-वरळी सी लिंकवरून जाताना भाचीनं विचारलं, "मामा, हा झुलता पूल आहे ना?" नाही. त्याचे तिरके केबल खांबावरून थेट रस्त्यापर्यंत सरळ उतरतात. झुलत्या पुलाचा मुख्य दोर मात्र खांबांच्या डोक्यावरून जातो आणि मधे झोका घेतल्यासारखा खाली येतो. हे सांगून पटत नाही, म्हणून रविवारी घरीच करून पाहिलं.

प्लॅस्टिकच्या दोन हलक्या खुर्च्या पाठीला पाठ करून हातभर अंतरावर ठेवा. सुतळी दोन्ही पाठींना बांधा आणि मधोमध मुलाला बोटानं दाबायला सांगा. खुर्च्या आत कलंडतात.

आता गाठी सोडा. सुतळीचे दोन लांब तुकडे पाठींवरून नुसते टाका, एक या कडेला, एक त्या कडेला. टोकं पलीकडे खाली नेऊन जड वस्तूंना घट्ट बांधा. आमच्याकडे एका बाजूला पलंगाचा पाय होता, दुसऱ्या बाजूला दहा किलो तांदळाची पिशवी. पुन्हा दाबा. खुर्च्या हलत नाहीत, कारण दोन्हीकडून ओढ सारखी आहे. त्यांच्यावर फक्त खाली दाब येतो. ओढ जाते तांदळाकडे.

सुतळी अगदी ताठ करू नका. गॅलरीतली कपड्यांची दोरी मी एकदा हौसेनं ताणून बांधली आणि ओला टॉवेल टाकताच भिंतीतला खिळा बाहेर आला. दोर जितका सरळ, तितकी टोकांवर ओढ जास्त. म्हणून झोळ हवाच.

मग दोन्ही सुतळ्यांना दोरे लोंबकळवा, खुर्चीजवळ लांब, मधे आखूड, आणि खाली पुठ्ठ्याची पट्टी बांधा. गाठी मोठ्यांनीच माराव्यात. नाहीतर संध्याकाळ तिथंच जाते. पट्टीवर खेळण्यातल्या गाड्या सोडा. गाडीचं वजन पट्टीतून दोऱ्यांत, दोऱ्यांतून सुतळीत, सुतळीतून खुर्च्यांत आणि तांदळात.

अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलावर (१९३७) हीच सुतळी सुमारे ९२ सेंटिमीटर जाड आहे. तिच्यात २७,५७२ तारा आहेत आणि दोन खांबांमधलं अंतर १,२८० मीटर.

शेवटी मुलाला एक दोरा कापू द्या. पट्टी तिथं जराशी वाकते, पूल उभाच. मग तांदळाची पिशवी उचलायला सांगा. खुर्ची मात्र तुम्ही धरून ठेवा.