कॉकपिटचा फोटो बघून विमान ओळखायचं कसं

आमच्या विमानवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी कोणीतरी कॉकपिटचा फोटो टाकतं आणि खाली एवढंच लिहितं, ओळखा. सुरुवातीला मी सरळ स्क्रीन मोजायचो आणि तोंडावर आपटायचो, कारण जुन्या विमानांनाही नंतर नवे एलसीडी बसवतात. त्यामुळे स्क्रीनकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पायलटच्या हातात काय आहे ते बघा.

पायलटसमोर रिकामी जागा आणि ओढून काढायचं छोटं टेबल दिसतंय, आणि खिडकीच्या बाजूला एक जॉयस्टिक आहे (डावीकडच्या कॅप्टनच्या डाव्या हाताला, उजवीकडच्याच्या उजव्या हाताला), तर बहुतेक वेळा एअरबस. तिला साइडस्टिक म्हणतात, प्रवासी जेटमध्ये ती रुळवली ए३२० ने, ज्याचं पहिलं उड्डाण १९८७ चं. समोर गाडीच्या स्टिअरिंगसारखा योक असेल तर बोइंग, एटीआर, एम्ब्रेअर वगैरे. आता यातली गोची अशी की जुन्या ए३०० आणि ए३१० ला योकच होता, म्हणजे एअर इंडियाच्या ए३१० चा जुना फोटो आला की अर्धा ग्रुप बोइंग म्हणून मोकळा होतो. आणि उलट बाजूने बघाल तर सुखोई सुपरजेट आणि फाल्कन ७एक्स यांनाही साइडस्टिक आहे. योकचा आकारही बघा, एम्ब्रेअर ई१७५ चा (आपल्याकडे स्टार एअरकडे आहेत) मेंढ्याच्या शिंगांसारखा खाली वळलेला असतो, एकदा बघितला की विसरत नाही.

दुसरं काम, मधले दांडे मोजा. दोन थ्रस्ट लिव्हर म्हणजे दोन इंजिनं, चार म्हणजे चार, सरळ हिशोब. ए३३० आणि ए३४० चं कॉकपिट जवळपास सारखंच, पण लिव्हर मोजले की भांडण मिटतं. तीन असतील तर मजा, बहुतेक ७२७, डीसी-१०, ट्रायस्टार किंवा एमडी-११. त्यात एमडी-११ ला सहा स्क्रीन असतात आणि फ्लाईट इंजिनिअर नसतो, बाकी तिघांत मागे बाजूच्या भिंतीवर घड्याळांनी भरलेलं पॅनल आणि तिसऱ्या माणसाची खुर्ची. ७४७ चंही तसंच, जुन्या ७४७-२०० मध्ये इंजिनिअर आहे, ७४७-४०० मध्ये गायब.

पण मोजताना फसू नका. बोइंगमध्ये डावीकडचा स्पीडब्रेकचा (वेग कमी करायचा) आणि उजवीकडचा फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या झडपांचा) दांडा इंजिनाचा नसतो. एटीआर ७२ मध्ये दोन पॉवर लिव्हर आणि शेजारी दोन कंडिशन लिव्हर (प्रोपेलर आणि इंधनाचे), एकूण चार, मी एकदा छातीठोकपणे चार इंजिनं म्हणून लिहिलं होतं, अजून चिडवतात. छोट्या पिस्टन विमानात काळा थ्रॉटल, निळा प्रोपेलरचा, लाल मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा), जुळं इंजिन असेल तर तिन्हींच्या जोड्या, म्हणजे सहा. सेसना १७२ मध्ये तर दांडेच नाहीत, पॅनलमधून बाहेर ओढायचे गोल नॉब, एक काळा एक लाल, आणि खिडकीतून वर पंखाला लावलेला तिरका टेकू दिसतो. सिरसमध्ये छतावर पॅराशूटचं लाल हँडल शोधा, दिसलं की विषय संपला.

७३७ ओळखायला माझ्या मते सगळ्यात सोपं. लिव्हरच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याजवळ, मोठी काळी चाकं ज्यावर पांढरा पट्टा, ही ट्रिमची (विमानाचं नाक वर-खाली स्थिर धरायची) चाकं, उडताना खडखड करत आपोआप फिरतात. लिव्हरच्या मागे आग लागली तर ओढायची तीन हँडलं, १, एपीयू (शेपटीतलं छोटं जादा इंजिन), २. ७०७ आणि ७२७ लाही अशी चाकं आहेत पण तिथे लिव्हर चार आणि तीन. एवढं जमलं की मगच स्क्रीन. गोल घड्याळं आणि फार तर दोन-दोन छोट्या स्क्रीन म्हणजे ३००-४००-५०० वालं क्लासिक, सहा चौकोनी स्क्रीन म्हणजे एनजी, नेक्स्ट जनरेशन (एअर इंडिया एक्स्प्रेसचं ७३७-८०० बघा), आणि चारच पण भल्या मोठ्या स्क्रीन म्हणजे मॅक्स, जे अकासाकडे आहे. ए३२० लाही ट्रिमची चाकं असतात हां, पण छोटी, आणि समोर योक नाही, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही.

मॅक्स आणि ७८७ मध्ये मात्र नवखे लोक हमखास घोळ करतात, दोन्हीकडे मोठ्या स्क्रीन. ७८७ मध्ये ट्रिमची चाकं नाहीत, पाचवी स्क्रीन खाली मधोमध, आणि दोन्ही पायलटच्या डोळ्यांसमोर काचेचा एचयूडी (उड्डाणाचे आकडे नजरेसमोर दाखवणारी पारदर्शक पट्टी), स्टँडर्डच येतो. रंगही कामाला येतो, ७५७, ७६७, ७४७-४०० आणि ७७७ मध्ये तो टिपिकल बोइंगचा तपकिरी, ७८७ गडद करडा. ७५७ आणि ७६७ एकमेकांसारखी इतकी की पायलटचं रेटिंग (ते विमान उडवायची परवानगी) सुद्धा कॉमन, त्यामुळे तिथे पैज लावू नका.

एअरबसमध्ये ए३२० आणि ए३५० दोन्हीकडे सहा स्क्रीन, पण ए३२० च्या छोट्या चौकोनी, मध्ये भरपूर पत्रा दिसतो, ए३५० च्या रुंद, एकमेकींना चिकटलेल्या, आणि ट्रिमचं चाक नाही. आठ स्क्रीन आणि चार लिव्हर म्हणजे ए३८०. साइडस्टिक आहे पण स्क्रीन पाचच मोठ्या, तर ए२२०, जे मुळात बॉम्बार्डिअरचं.

फिरोजी, म्हणजे हिरवट निळ्या रंगाचं पॅनल दिसलं की डोळे झाकून सोव्हिएत म्हणा, टीयू-१५४, आयएल-७६, अँटोनोव्ह, आणि बऱ्याचदा कोपऱ्यात छोटा टेबलफॅनसुद्धा. मिग-२१ मध्ये याच पॅनलवर मधोमध उभी पांढरी रेघ असते, विमान स्पिनमध्ये (गरगरत खाली) गेलं तर स्टिक त्या रेघेकडे ढकलायची म्हणून. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा ग्रुपवर महिनाभर हीच रेघ फिरत होती. बाकी फायटरमध्ये स्टिक उजव्या बाजूला असेल तर एफ-१६ किंवा राफेल, पायांच्या मध्ये असेल तर तेजस, मिराज, सुखोई. एचयूडीच नाही आणि समोर एकच लांबलचक स्क्रीन, ते एफ-३५.

अजून एक, फोटो खराच आहे ना तेही बघा. खिडकीबाहेर रनवे जरा जास्तच गुळगुळीत वाटतोय, मागे इन्स्ट्रक्टरची खुर्ची आणि मॉनिटर दिसतोय, तर तो सिम्युलेटर. ए३१९, ए३२० की ए३२१ यावर वाद सुरू झाला तर झूम करून पॅनलवरची रजिस्ट्रेशनची छोटी पट्टी वाचा, व्हीटी ने सुरू होत असेल तर भारतातलं, मग ते अक्षर सर्च करायचं आणि ग्रुपवर असं लिहायचं की जणू बघताक्षणी ओळखलं.