रिअ‍ॅक्टरच्या यूजर लायब्ररीतून चांगली वाद्यं कशी निवडावीत

रिअ‍ॅक्टर हा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा मॉड्यूलर सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे सुटे भाग जोडून संगणकावर आवाज घडवणारं वाद्य. 1996 मध्ये ‘जनरेटर’ या नावाने तो सुरू झाला, 2015 मध्ये सहाव्या आवृत्तीसोबत ‘ब्लॉक्स’ (एकमेकांना जोडायचे तयार भाग) आले, आणि दरम्यान वापरणाऱ्यांनी स्वतः बांधलेल्या हजारो वाद्यांची यूजर लायब्ररी उभी राहिली. त्यातली काही वाद्यं विकतच्या सिंथच्या तोडीची आहेत. ती गर्दीतून वेगळी काढायची, एवढंच काम आहे.

तारे आणि डाउनलोडचे आकडे पहिल्या चाळणीपुरते ठीक. जुन्या वाद्याकडे डाउनलोड साचलेलेच असतात आणि देखण्या पॅनेलला तारे लवकर मिळतात, त्यामुळे आवाजाबद्दल या आकड्यांतून फार थोडं कळतं. त्यापेक्षा बांधणारा हुडका. एक वाद्य आवडलं की त्याच माणसाची बाकीची सगळी कामं उघडा. ज्याने एक फिल्टर (आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी गाळणारा भाग) मन लावून घडवला, त्याच्या पुढच्या पाच वाद्यांतही तीच काळजी दिसते. तो वर्णनात काय लिहितो, दुरुस्त्या करून नवी आवृत्ती टाकतो का, प्रश्नांना उत्तरं देतो का, हेही बघा. शोधताना वाद्याच्या नावावर जाऊ नका, कारण नावं मनाला येतील तशी ठेवलेली असतात. ग्रॅन्युलर, वेव्हगाइड, अ‍ॅडिटिव्ह, एफएम असे आवाज घडवण्याच्या तंत्रांचे शब्द इंग्रजीत टाइप करा.

उतरवण्याआधी दोन गोष्टी तपासा. वाद्य कोणत्या आवृत्तीत बांधलं आहे? पाचव्या आवृत्तीतली फाइल सहाव्यात उघडते, पण सहाव्यात सेव्ह केली की पाचव्यात परत उघडत नाही. दुसरं, फाइलचा आकार. वर्णनात सॅम्पलर (ध्वनिमुद्रित तुकडे, म्हणजे सॅम्पल, वाजवणारं वाद्य) लिहिलंय आणि फाइल काही किलोबाइटचीच आहे, तर सॅम्पल आत नाहीत. उघडल्यावर ‘सॅम्पल सापडत नाही’ हा संदेश येणार. फुकटच्या रिअ‍ॅक्टर प्लेअरमध्ये ही वाद्यं फक्त 30 मिनिटं डेमो म्हणून चालतात आणि सेव्ह होत नाहीत. चाचणीला तेवढा वेळ पुरतो.

आता वाजवून बघणं. आधी रिअ‍ॅक्टरच्या नंतर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा इफेक्ट) लावा, मर्यादा −6 डेसिबल. हे टाळू नका. घरगुती फिल्टरचा रेझोनन्स (गाळण्याच्या सीमेजवळच्या आवाजाला मिळणारा उठाव) टोकाला नेला की तो कधीकधी ताबा सोडतो आणि पूर्ण ताकदीचा आवाज थेट हेडफोनमध्ये येतो. कधी उलट होतं: गणितात अशक्य आकडा शिरतो, फीडबॅकमध्ये अडकतो आणि वाद्य मुकं होतं. ऑडिओ इंजिन बंद करून परत चालू केलं की बहुधा सुटतं. साध्या वापरात हे दोनदा घडलं, तर ते वाद्य कार्यक्रमात नेऊ नका.

मग ऑसिलेटरची, म्हणजे मूळ सूर निर्माण करणाऱ्या भागाची, परीक्षा. सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीची किती मोजमापं घेतली जातात तो आकडा) 44.1 किलोहर्ट्झ ठेवा, फिल्टर पूर्ण उघडा, सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर) निवडा आणि मिडी नोट 96 धरा, म्हणजे साधारण 2,093 हर्ट्झ. या सॉचे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) सॅम्पल रेटच्या निम्म्या, म्हणजे 22,050 हर्ट्झच्या मर्यादेपलीकडे जातात. ऑसिलेटर बेफिकीरपणे बांधला असेल तर ते दुमडून खाली येतात: 20 वा 2,240 हर्ट्झवर मूळ सुराला घासतो, 21 वा 147 हर्ट्झवर उतरून खाली घुमतो. आता पिच बेंड हळूच वर न्या. सूर वर जात असताना एखादा आवाज खाली सरकताना ऐकू आला, तर ते अलियासिंग. कर्कश, डिजिटल आवाजासाठी मुद्दाम बांधलेल्या वाद्यात ते चालून जातं. अ‍ॅनालॉगची नक्कल म्हणवणाऱ्यात अजिबात नाही.

प्रोसेसरचा भारही मोजा. वाद्याच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हॉइसची (एकाच वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची) संख्या 1 ठेवून टूलबारवरची टक्केवारी बघा, मग 8 करा. पॉलिफोनिक भाग प्रत्येक व्हॉइससाठी वेगळा मोजला जातो, म्हणून भार जवळजवळ त्याच पटीत चढतो. रिअ‍ॅक्टरची एक प्रत प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. दोन जड वाद्यं एकाच एन्सेम्बलमध्ये (एका फाइलमधल्या पूर्ण रचनेत) कोंबण्यापेक्षा डीएडब्ल्यूच्या (संगीत ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या) दोन ट्रॅकवर दोन प्रती उघडा.

आवाजाचा पल्ला जोखायला स्नॅपशॉटमधलं (साठवलेल्या नॉबच्या मांडण्या, म्हणजे प्रीसेट) रँडमाइझ दहा-पंधरा वेळा दाबा. बहुतेक निकाल वापरण्याजोगे असतील, तर नॉबचे पल्ले विचार करून ठरवले आहेत. सोबत आलेले स्नॅपशॉट दोनच असले म्हणून वाद्य टाकून देऊ नका. उत्तम बांधणाऱ्यांना प्रीसेट करण्याचा कंटाळा असणं नेहमीचं आहे. स्नॅपशॉट बदलूनही एखादा नॉब जागचा हलत नसेल, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्नॅप आयसोलेट’ (नॉबला स्नॅपशॉटपासून वेगळं ठेवणारी सोय) बहुधा चालू आहे.

शेवटी एडिटमध्ये जाऊन रचना उघडा. मॅक्रोंना (एकत्र बांधलेल्या भागांच्या गटांना) अर्थपूर्ण नावं, सरळ तारा, जागोजागी टिपा असतील तर पुढे दुरुस्ती करणं सोपं जातं. ऑसिलेटर आणि फिल्टर फॅक्टरीतलेच, फक्त पॅनेल नवं, अशीही वाद्यं बरीच भेटतात. ‘कोअर’मध्ये (रिअ‍ॅक्टरच्या अगदी मूलभूत पातळीवर रचना करण्याच्या भागात) स्वतः रचलेला फिल्टर दिसला तर मात्र थांबून नीट ऐका.

निवडलेलं वाद्य स्वतःच्या फोल्डरमध्ये आवृत्ती आणि तारखेसह ठेवा, मूळ प्रत जशीच्या तशी राहू द्या. स्नॅपशॉट त्या एन्सेम्बलच्या फाइलमध्येच साठतात. नव्या आवृत्तीत नॉब बदलले असतील तर जुने आवाज तिथे तसेच वाजतील याचा भरवसा नाही, म्हणून चालू असलेलं गाणं पूर्ण होईपर्यंत जुनी फाइल काढू नका.