फोनची बॅटरी म्हातारी होते तेव्हा

अकोल्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिना म्हणजे फुगलेल्या बॅटऱ्यांचा हंगाम. बॅटरीच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट (कार्बनचा एक प्रकार) असतं, त्यावर एक पातळ थर असतो. पहिल्या चार्जिंगलाच तो बसतो आणि हवाही असतो. पण उष्णतेत, त्यातही 100 टक्के चार्ज असताना, तो भराभर जाड होतो आणि चार्ज वाहून नेणारं कामाचं लिथियम अडकवून ठेवतो. इलेक्ट्रोलाइटचं (बॅटरीतल्या द्रवाचं) विघटन होऊन वायू साठला, की मागचं झाकण उचललं जातं.

म्हणून चार्ज शक्यतो 20 ते 80 टक्क्यांत ठेवा. उन्हात डॅशबोर्डवर चार्जिंग नकोच. जुना फोन कपाटात टाकायचाय? अर्धा चार्ज करून बंद करा. झाकण उचललेलं दिसलं, तर चार्जर काढा, फोन दुकानात आणा. दाबू नका, टाचणी तर अजिबात टोचू नका. (लोक टोचतात!)