मोठं इंजिन बसवताय? आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुळवा

गिअरबॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला कळतो टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा जोर, आणि गिअर बदलताना क्लच किती वेळ घसरले ते. म्हणून ‘हा बॉक्स ४०० हॉर्सपॉवर झेलेल का’ हा प्रश्न अर्धाच आहे. तीच ४०० हॉर्सपॉवर एखादं इंजिन ७००० आरपीएमला देत असेल, तर तिथे टॉर्क साधारण ४०० न्यूटन मीटर असतो. दुसरं टर्बो इंजिन तेवढीच ताकद ४००० लाच देत असेल, तर टॉर्क ७०० च्या घरात जातो. बॉक्सची वाट लावतं ते हे दुसरं इंजिन.

जनरल मोटर्सचे बॉक्स इंजिन बदलाच्या कामात सर्रास वापरले जातात, म्हणून उदाहरणाला तेच घेऊ. ४एल६०-ई कंपनीच्या हिशेबाने इंजिनाचा सुमारे ४९० न्यूटन मीटर टॉर्क घेतो, ४एल८०-ई सुमारे ६००. पण हे आकडे मूळ गाडीतले आहेत. तिथे गिअर बदलायच्या क्षणी इंजिनाचा कॉम्प्युटर टॉर्क थोडा कमी करतो. वेगळं इंजिन आणि वेगळा कंट्रोलर जोडला की ही सोय बहुतेक वेळा हरवते आणि सगळा मार क्लचवर येतो. त्यामुळे निदान पाव हिस्सा हात राखून बॉक्स निवडा. गाडी जड असेल किंवा टायर रुंद असतील तर आणखी जास्त, कारण जो टायर घसरत नाही तो धक्का परत बॉक्सकडेच पाठवतो.

४एल६०-ई कुठे मरतो हे आता ठरलेलं आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उगाच वर उसळला तर ३-४ क्लच पॅक, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटांचा संच, जळायला लागलाय. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदमच गेले तर सन शेल, म्हणजे आतल्या सन गिअरला फिरवणारा पत्र्याचा ड्रम, तुटला. ४एल८०-ई हा टर्बो ४०० चाच (हा जनरल मोटर्सचा जुना तीन गिअरचा बॉक्स, नावापुरताच ‘टर्बो’) ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाचे आरपीएम उतरवणारा चौथा गिअर, असलेला वारस. तो मजबूत आहे, पण जड आणि लांब. त्यासाठी क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारा आडवा पट्टा) सरकवावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, काही गाड्यांत फ्लोअरचा बोगदाही ठोकून मोठा करावा लागतो. बॉक्स विकत घेण्याआधी टेप लावून बघा.

आता गिअरचे रेशो. ४एल६०-ईचे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०, ४एल८०-ईचे २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५. पहिला गिअर २.४८ म्हटल्यावर गाडी मंद होईल असं वाटतं, पण इंजिनच मोठं असेल तर ती चणचण जाणवत नाही. उलट ३.०६ चा पहिला गिअर मागच्या डिफरन्शियलवर भार वाढवतो. ६०० न्यूटन मीटरचं इंजिन आणि सुरुवातीला टॉर्क दुप्पट करणारा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) धरला, तर शाफ्टवर एका बॉक्समधून सुमारे ३६७० आणि दुसऱ्यातून २९८० न्यूटन मीटर येतात. हायवेचा हिशेब असा: टायरचा घेर २.०७ मीटर आणि फायनल ड्राइव्ह (डिफरन्शियलचा रेशो) ३.७३ असेल, तर ताशी १०० किलोमीटरला ०.७० मध्ये इंजिन साधारण २१००, ०.७५ मध्ये २२५० आणि ओव्हरड्राइव्ह नसलेल्या टर्बो ३५० किंवा ४०० मध्ये ३००० आरपीएमवर फिरतं.

टॉर्क कन्व्हर्टर जुनाच चालवायचा मोह आवरा. डब्यावर लिहिलेला स्टॉल स्पीड (गाडी जागेवर धरून थ्रॉटल पूर्ण दिल्यावर इंजिन ज्या आरपीएमला अडतं तो) कायमचा नसतो, तो इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ३०० न्यूटन मीटरच्या इंजिनावर २००० ला अडणारा कन्व्हर्टर ६०० वर जवळपास २८०० ला अडेल. म्हणून कन्व्हर्टर बनवून देणाऱ्याला टॉर्कचा आलेख, गाडीचं वजन, फायनल ड्राइव्ह आणि टायर हे सगळं सांगा; नुसतं ‘२८०० चा द्या’ म्हणणं म्हणजे अंदाजपंचे काम. सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा, कन्व्हर्टर जास्त घसरतो आणि तेल तापवतो. रोज चालवायच्या गाडीत लॉकअप (कन्व्हर्टरची घसर थांबवणारा त्यातला क्लच) हवाच, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर लॉकअप सुटेल अशी सेटिंग ठेवा. एकाच प्लेटचा लॉकअप क्लच भरल्या टॉर्कखाली फार दिवस टिकत नाही.

बरेच बॉक्स मरतात ते जोडणीत, तेही गाडी एक किलोमीटर चालायच्या आधी. इथे घाई नको.

इंजिन ब्लॉकच्या मागच्या दोन्ही डॉवेल पिना (बॉक्स नेमक्या जागी बसवणाऱ्या) जागेवर आहेत ना ते आधी बघा. त्या नसतील तर बॉक्स केसभर तिरका बसतो, बॉक्सच्या पुढच्या तेलपंपाचा बुश खातो आणि पुढचं ऑइल सील गळायला लागतं. जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेच्या बहुतेक व्ही-८ इंजिनांत क्रँकचा फ्लँज त्यांच्याच जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ पेक्षा सुमारे १० मिमी आत असतो. त्यामुळे त्याला टर्बो ३५०, ४०० किंवा ७००आर४ (४एल६०-ईचा बिनइलेक्ट्रॉनिक पूर्वज) हे बॉक्स लावताना स्पेसर आणि लांब बोल्ट लागतात. स्पेसर विसरलात तर कन्व्हर्टर पुढे ओढला जातो आणि पंपातून अर्धवट बाहेर येतो. एलएसच्या फ्लेक्सप्लेटचे (क्रँकवर बसणारी, कन्व्हर्टरला फिरवणारी पातळ चकती) बोल्ट चांदणीच्या क्रमाने, थ्रेडलॉक लावून, २०, ५० आणि शेवटी १०० न्यूटन मीटर अशा तीन फेऱ्यांत घट्ट करा.

कन्व्हर्टरमध्ये सुमारे एक लिटर ऑटोमॅटिकचं तेल ओता आणि तो शाफ्टवर चढवून हलका दाब देत फिरवा. तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो: टर्बाइनच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा), स्टेटरच्या स्प्लाइन आणि शेवटी पंप. या बॉक्सवर साधारण तीन वेळा ‘खट्’ ऐकू येतं आणि हाताला जाणवतं. दोनच आले तर पुढे जाऊ नका.

बेलहाउसिंग (बॉक्सचा पुढचा घंटेसारखा भाग) ब्लॉकला हाताच्या जोरावर टेकलं पाहिजे. बोल्ट आवळून ओढून आणायची वेळ आली तर कन्व्हर्टर बसलेला नाही. तसंच आवळलं तर पंप फुटतो. सगळं टेकल्यावर कन्व्हर्टर मागे ढकला आणि त्याची लग (बोल्ट लागायचा कान) व फ्लेक्सप्लेट यांमधली फट मोजा. ती ३ ते ५ मिमी हवी. कमी असेल तर पंपावर कायमचा दाब राहतो. जास्त असेल तर प्रत्येक बोल्टवर, लग आणि फ्लेक्सप्लेटच्या मध्ये, सारख्याच जाडीचे वॉशर घाला, नाहीतर पंपाचे दात टोकावरच अडकतात. कन्व्हर्टर बोटाने मोकळा फिरतोय ना, हे बोल्ट लावण्याआधीच बघा.

मग लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबून धरणारा तेलाचा दाब. ७००आर४ मध्ये हा दाब थ्रॉटलच्या टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलवर चालतो. लोकांना ती किकडाउनची, म्हणजे जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी, केबल वाटते आणि ते ती सैल सोडतात. मग पहिल्याच चकरेत क्लच काळे होतात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबलही पूर्ण खेचलेली हवी, आणि वेगळा कार्बोरेटर असेल तर त्याच्या आर्मची भूमिती सुधारणारा ब्रॅकेट लागतो. टर्बो ३५० आणि ४०० मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून दाब ठरवणारा भाग) असतो. त्याची नळी मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमलाच जोडा. कॅमशाफ्ट भडक असेल तर व्हॅक्यूम कमी पडतो आणि गिअर उशिरा, धक्क्याने पडतात. नावात -ई असलेल्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सला स्वतंत्र कंट्रोलर लागतो. त्याला थ्रॉटलचा सिग्नल शून्य ते शंभर टक्के बरोबर मिळतोय का ते स्क्रीनवर बघून घ्या. निम्मा थ्रॉटल त्याला २० टक्के दिसला, तर तो दाबही तेवढाच कमी देईल.

कूलर वेगळा लावाच. तेल ८० ते ९५ अंशांत राहिलेलं बरं. ८० च्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. जुना बॉक्स जळून गेला असेल तर त्याचा कूलर धुऊन वापरू नका, आतल्या पापुद्र्यांत बुकणी अडकलेली असते. परतीची नळी भांड्यात सोडून तपासा: ३० सेकंदांत सुमारे दोन लिटर तेल आलं पाहिजे.

पहिल्यांदा सुरू करताना मागची चाकं वर उचलून ठेवा. कन्व्हर्टर आणि कूलर भरले की पातळी झपकन उतरते, तेव्हा लगेच तेल घाला आणि मगच एकेक गिअर टाकून बघा. बॉक्सवरच्या दाब मोजायच्या भोकाला २० बारपर्यंतचा गेज लावा. थ्रॉटलबरोबर काटा वर चढत नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

५०० किलोमीटरनंतर पॅन उघडा. चुंबकावर राखाडी लेप असेल तर चालेल. काळे तुकडे दिसले तर क्लच घसरतायत, दाबाकडे परत जा. पितळी चकचकीत कण दिसले तर बुश घासतोय. तेव्हा बॉक्स उतरवा आणि डॉवेलपासून पुन्हा तपासा.