एफएलपी कॅमेरा घेताय? आधी झोनचं ड्रॉइंग मागा, मग रेट

गोकुळ शिरगाव म्हणा, कागलची फाइव्ह स्टार एमआयडीसी म्हणा, फार्मा किंवा केमिकल युनिटमधून कॅमेऱ्यासाठी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, एफएलपी, म्हणजे स्फोटाच्या धोक्याच्या जागेसाठीचा फ्लेमप्रूफ कॅमेरा, केवढ्याला बसतोय? रेट नंतर बघू ओ, आधी तुमच्याकडं हॅझार्डस एरिया क्लासिफिकेशनचं ड्रॉइंग, म्हणजे पेटणारी वाफ किंवा धूळ कुठं असू शकते ते झोन पाडून दाखवणारा नकाशा, आहे का ते सांगा. सेफ्टी ऑफिसरकडं नाहीतर प्रोजेक्टच्या फायलीत ते असतंय, आणि कुठला कॅमेरा घ्यायचा हे त्यावरच ठरतंय.

ड्रॉइंग हातात आलं की पहिलं हे बघा, कॅमेरा झोनच्या बाहेर बसवून काम भागतंय का. सॉल्व्हंट यार्डात टँकर खाली होताना बघायचंय ना, मग झोनची हद्द संपते तिच्या पलीकडं खांबावर चांगल्या झूमचा साधा कॅमेरा लावला तरी सगळं दिसतंय, पैसे वाचतात आणि मुख्य म्हणजे धोक्याच्या जागेत वीज जाणारी एक वस्तू कमी होते. रिअॅक्टरच्या आत बहुतेक वेळा झोन 0 असतो, म्हणजे पेटणारी वाफ सतत असलेली जागा, तिथं कॅमेरा घालायचा विचारच सोडा, साइट ग्लासमधनं बाहेरून बघायचं, आणि बाहेर झोन 1, म्हणजे नेहमीच्या कामात अधूनमधून वाफ येणारी जागा असेल तर तो कॅमेराही सर्टिफाइडच पाहिजे. रिअॅक्टरच्या मॅनहोलपाशी, सेंट्रिफ्यूजजवळ, ड्रम भरायच्या जागी मात्र दुसरा पर्याय नसतो, तिथं एफएलपीच.

मग येतात गॅस ग्रुप आणि टेंपरेचर क्लास, आणि लोक हमखास या दोघांना एकच समजतात. ग्रुपवरनं कळतं की त्या वाफेची ज्वाला किती बारीक फटीतनं बाहेर निसटू शकते, क्लासवरनं कळतं की कॅमेऱ्याचं अंग जास्तीत जास्त किती तापेल. अॅसिटोन, टोल्युइन, आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) हे ग्रुप टू ए (नेमप्लेटवर IIA) मध्ये, इथेनॉल टू बी मध्ये, हायड्रोजन टू सी मध्ये. हायड्रोजन आपोआप पेटायला 500 अंशांच्या वर तापमान लागतंय म्हणून क्लास टी1, म्हणजे सगळ्यात सैल, चालतो, पण ग्रुप सगळ्यात कडक. डायइथाइल इथरचं बरोबर उलटं, ग्रुप टू बी पण ते 200 अंशांच्या आतच पेटतंय, म्हणून टी4 लागतो, म्हणजे पृष्ठभाग 135 अंशांच्या वर जाता कामा नये. त्यामुळं हायड्रोजनेशनच्या ब्लॉकमध्ये टू बी लिहिलेला कॅमेरा कितीही भारी असू दे, तिथं तो बाद. माझं मत विचाराल तर ज्या प्लांटमध्ये प्रॉडक्ट सारखे बदलतात तिथं सरळ टू सी, टी6 घ्या, टी6 म्हणजे 85 अंशांची मर्यादा, उद्या सॉल्व्हंट बदललं तरी गॅसच्या बाजूनं परत कॅमेरे बदलायला नकोत.

गॅसच्या बाजूनं असं मुद्दाम म्हणतोय, कारण पावडरचा हिशोब वेगळा. मिलिंग, सिफ्टिंग, एफबीडी (फ्लुइड बेड ड्रायर), पॅकिंग इथं झोन 21, 22, म्हणजे धुळीचे झोन असतात आणि गॅसचं सर्टिफिकेट धुळीला चालत नाही, नेमप्लेटवर धुळीचं मार्किंग वेगळं असावं लागतंय. साचलेल्या धुळीचा नियमही माहीत असू द्या, 5 मिलिमीटर थर ज्या तापमानाला पेटतो त्याच्या 75 अंश खालीच कॅमेऱ्याचं अंग राहिलं पाहिजे. धुळीनं काय होतंय असं वाटत असेल तर 2003 चा अमेरिकेतल्या किन्स्टनचा स्फोट वाचा, औषधांसाठी रबरी भाग बनवायचा कारखाना होता, फॉल्स सीलिंगच्या वर पॉलिइथिलीनची बारीक पावडर साचत गेली, कुणाला दिसली नाही, आणि 6 माणसं गेली. आपण कॅमेऱ्याची केबल नेमकी त्याच सीलिंगच्या वरनं ओढतो, म्हणून वर चढलाच आहात तर धूळ किती आहे ते बघून सेफ्टीला कळवा.

नेमप्लेटवर आणखी एक आकडा बघायचा, अँबियंट टेंपरेचर. काहीच लिहिलं नसेल तर उणे 20 ते अधिक 40 असं धरतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, त्यात शेजारी ड्रायर, 40 कधी ओलांडतंय कळत पण नाही, तेव्हा 50 किंवा 60 लिहिलेला घ्या. नागपूरच्या पेसोचं (स्फोटक सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) अप्रूव्हल, आयईसीईएक्स (आंतरराष्ट्रीय) किंवा एटेक्स (युरोपचं) सर्टिफिकेट यांची पूर्ण कॉपी मागायची, ब्रोशरवरचा शिक्का नको. आणि सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी एक्स अक्षर असेल तर खास अटी आहेत, त्या वाचल्याशिवाय ऑर्डर सोडू नका.

आता आपल्या कोल्हापूरकरांसाठी खास. इथं शिरोलीत कास्टिंग होतंय, मशिनिंगला तोड नाही, मग डोकं चालतं की जाड बीडाचा डबा ओतून घेऊ, काच बसवू आणि आत साधा कॅमेरा टाकू. हे अजिबात करू नका. फ्लेमप्रूफ डबा हवाबंद नसतोच, वाफ आत जाणार आणि आत स्फोटही होऊ शकतो हे धरूनच तो बनवतात, तो दाब त्यानं सोसायचा आणि सांध्याच्या बारीक फटीतनं बाहेर पडताना ज्वाला इतकी थंड व्हायची की बाहेरची वाफ पेटू नये. ती फट, तिची लांबी, काचेची पकड, आतला माल सगळं मिळून टेस्ट झालेलं असतंय. म्हणून विकत घेतलेल्या सर्टिफाइड डब्यालाही एक जादा भोक पाडलं, नाहीतर बाजारातली काच बसवली, की सर्टिफिकेट गेलं.

फिटिंगमध्ये केबल आत घ्यायला डबल कॉम्प्रेशन एफएलपी ग्लँड, न वापरलेल्या एंट्रीला सर्टिफाइड प्लग, बाहेरनं अर्थिंग. फ्लँजच्या सांध्यावर रंग नाही, सिलिकॉन नाही, लागलंच तर न सुकणारं ग्रीस. टू सी च्या जागी फ्लँजच्या सांध्यासमोर 40 मिलिमीटरच्या आत भिंत, पाइप किंवा ब्रॅकेट येता कामा नये, टू बी ला 30. बोल्ट सगळे पाहिजेत आणि कंपनीनं दिलेल्याच ग्रेडचे. काच पुसायला ओलं फडकं वापरा, कोरड्यानं स्टॅटिक तयार होतंय, आणि झाकण उघडायचं असेल तर आधी झोनच्या बाहेरचा सप्लाय बंद करून परमिट घ्यायचं.